तारामतीचा आवाज

नटीबद्दल लिहायला बसलं की लोक डोळ्यांपासून सुरुवात करतात. मग नाक, मग नेसलेली साडी, आणि जागा उरलीच तर अभिनय. माझी उमेदीची वर्षं डबिंगच्या काळोख्या खोलीत कानाला हेडफोन लावून गेली, त्यामुळे मला नट आधी ऐकू येतो आणि नंतर दिसतो. दुर्गाबाई खोट्यांना मी कधी भेटलो नाही. मी धंद्यात शिरलो तेव्हा त्यांनी कामं कमी करत आणली होती. पण १९३२ पासून १९८० पर्यंत त्यांचा आवाज पडद्यावर आहे, आणि तो ओळीनं ऐकला तर आपला बोलपट बोलायला कसा शिकला ते ऐकू येतं. रूप त्यांना होतंच. त्याचं कौतुक पुष्कळांनी केलं आहे. माझं म्हणणं एवढंच की जवळजवळ पन्नास वर्षं त्या टिकल्या त्या बोलण्यावर.

बोलपट आला तेव्हा मराठी माणसाच्या कानात बाईचा आवाज कुठला होता, इथून सुरुवात करायला हवी. घरातला सोडा, नाटकातला म्हणतोय. तो मुख्यतः पुरुषाचा होता. भामिनी, सिंधू, रुक्मिणी ही नावं घेतली की बालगंधर्वच आठवायचे, आणि बाईनं लाजावं कसं, रुसावं कसं, हुंदका कुठे गिळावा, हे बायकासुद्धा त्यांच्याकडे पाहून ठरवत. चित्रपटाची गत वेगळी नव्हती. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये लागला, त्यातली तारामती होती अण्णा साळुंके नावाच्या तरुणाची. ग्रँट रोडवरच्या एका खाणावळीत तो स्वयंपाकी होता. फाळके बाई शोधून थकले, कोणी यायला तयार होईना, शेवटी साळुंक्यांना लुगडं नेसवलं. मूकपट होता म्हणून ते निभावलं. मिशी काढली की झालं. कंठ काढायची गरज नव्हती.

त्याच वर्षी फाळक्यांच्याच 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई या दोघी पडद्यावर आल्या, हे खरं. पण त्या रंगभूमीच्या फिरस्त्या जगातल्या. मुंबईतल्या सुशिक्षित, सुखवस्तू घरातली बाई तोंडाला रंग लावून कॅमेऱ्यासमोर उभी राहिली, ती यानंतर जवळजवळ दोन दशकांनी.

दुर्गाबाईंचा जन्म १४ जानेवारी १९०५ चा, मुंबईचा. माहेरचं आडनाव लाड. घराण्याची मुळं गोव्याकडची, घरात कोकणी. शाळा कॅथीड्रल, कॉलेज सेंट झेवियर्स. म्हणजे कोकणी, मराठी आणि इंग्रजी या तिन्ही भाषा वयात येण्याआधीच जिभेवर. बी.ए.चं शिक्षण चालू असतानाच श्रीमंत खोट्यांच्या घरात लग्न झालं, दोन मुलगे झाले. मग त्या घराची श्रीमंती ओसरली, तरुणपणीच वैधव्यही आलं. मिळवणं भाग पडलं आणि त्यातून मोहन भवनानींच्या 'फरेबी जाल'मधलं एक किरकोळ काम त्यांनी पत्करलं. साल १९३१. चित्रपट सुमार निघाला आणि घराण्याचं नाव निघालं वेगळंच. 'मी, दुर्गा खोटे' या १९८२ च्या आत्मचरित्रात त्या दिवसांविषयी त्यांनी काही झाकून ठेवलेलं नाही. नातेवाइकांनी तोंडं फिरवणं म्हणजे काय, हे वाचायचं असेल तर ती पानं वाचावीत.

दुसरी कुठली बाई असती तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण कोल्हापूरहून विचारणा आली.

प्रभात फिल्म कंपनी १९२९ साली निघाली ती कोल्हापुरात. शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर आणि कुलकर्णी हे पाच भागीदार. बोलपटाच्या लाटेत त्यांनीही उडी घ्यायचं ठरवलं, आणि विषय घेतला तोच, हरिश्चंद्राचा. 'अयोध्येचा राजा' मराठीत आणि 'अयोध्या का राजा' हिंदीत, तोच नटसंच घेऊन. दिग्दर्शन शांतारामांचं, आणि ध्वनिमुद्रण विष्णुपंत दामल्यांचं. हे शेवटचं नाव चित्रपटाच्या इतिहासात 'संत तुकाराम'च्या दिग्दर्शकांपैकी एक म्हणून येतं, पण आमच्या धंद्यात त्यांना मान आहे तो वेगळ्या कारणासाठी. बाबूराव पेंटरांच्या तालमीत वाढलेला हा माणूस, कुठल्याही कॉलेजात न जाता आवाजाच्या यंत्राशी झटून झटून त्याचा स्वभाव शिकला.

त्या वेळचं ध्वनिमुद्रण म्हणजे काय होतं, ते थोडं सांगितलं पाहिजे, नाहीतर दुर्गाबाईंनी काय केलं ते कळणार नाही. पार्श्वगायन नव्हतं, ते १९३५ साली कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सच्या 'धूप छाँव'पासून आलं. त्याआधी नटानं स्वतः गायचं, आणि तेही कॅमेरा चालू असताना. वादक चौकटीच्या बाहेर, झाडाआड नाहीतर सेटच्या भिंतीमागे बसत. माईक एखाद्या कुंडीत, खांबाआड लपवलेला असे, आणि नटाला अभिनय करता करता त्याच्या टप्प्यात राहावं लागे. तोंड वळवलं की आवाज पडला. कॅमेऱ्याची घरघर माईकमध्ये शिरू नये म्हणून कॅमेराच पेटाऱ्यात कोंडलेला, त्यामुळे तोही जागचा हलायचा नाही. कावळा ओरडला, लांबून गाडीची शिट्टी आली की पुन्हा पहिल्यापासून. मुंबईत 'आलम आरा' या पहिल्या भारतीय बोलपटाचं काम रात्री उशिरा चालत असे, कारण स्टुडिओजवळून आगगाड्या जात. आम्ही पुढे टेपवर काम केलं. चुकलं तर पुसलं. त्यांचा आवाज थेट फिल्मवर प्रकाशाच्या रेघांनी उमटत होता, तिथे पुसणं नाही.

अशा यंत्रासमोर दुर्गाबाई उभ्या राहिल्या, आणि गाण्यांसकट. त्या काही तयारीच्या गायिका नव्हत्या. समोर हरिश्चंद्राच्या भूमिकेत गोविंदराव टेंबे, चित्रपटाचे संगीतकारही तेच. टेंबे म्हणजे हार्मोनियमचे बादशहा आणि १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी काढणाऱ्यांपैकी एक. बालगंधर्वांच्या गळ्याला ज्यांनी साथ केली, त्यांच्या शेजारी उभं राहून एका नवख्या बाईनं स्वतःच्या आवाजात तारामती गायची होती. ही गाणी आज ऐकली तर सूर कुठे कुठे धपापतो, दम पुरत नाही. माझ्या कानाला ते खटकत नाही, उलट बरं वाटतं. राजवाडा सुटलेल्या, पोर कडेवर घेऊन निघालेल्या बाईचा दम पुरावा कशाला?

गाण्यापेक्षाही तिचं बोलणं ऐकावं. गोविंदरावांचं गद्य नाटकातलं आहे. शेवटचं अक्षर लांबवून ते पिटातल्या माणसापर्यंत पोचवायची सवय त्यांच्या हाडात. बाबूराव पेंढारकरांचा गंगानाथही तसाच, पण त्यांची ती खलनायकी जरब त्या भूमिकेला शोभते. दुर्गाबाई मात्र समोरच्या माणसाशी बोलतात. वाक्य संपलं की संपतं. कोकणीतून आलेला एक हेल आणि मिशनरी शाळेनं लावलेली स्वच्छ उच्चारांची शिस्त, या दोन्हींतून ते आलं असावं, असा माझा तर्क. नाटकाचा अनुभव गाठीला नव्हता, हे त्यांच्या पथ्यावरच पडलं. ६ फेब्रुवारी १९३२ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये हा पहिला मराठी बोलपट लागला. मराठी प्रेक्षकानं पडद्यावरची बाई बाईच्याच आवाजात मराठी बोलताना तेव्हा पहिल्यांदा ऐकली. 'आलम आरा'ची एकही प्रत उरलेली नाही. 'अयोध्येचा राजा' मात्र उरला, म्हणून एवढं बोलता तरी येतं.

त्याच वर्षी 'माया मच्छिंद्र'. पुरुषांना बंदी असलेल्या राज्याची राणी किलोतला, पायाशी चित्ता. सोसणारी तारामती करून झाल्यावर लगेच हुकूम सोडणारी राणी! आवाजात फरक इतका की दामल्यांनी यंत्र बदललं की काय असं वाटावं.

इथे दुर्गाबाईंनी एक गोष्ट केली, जी त्या काळाच्या रीतीत बसत नव्हती. स्टुडिओ म्हणजे तेव्हा कारखाना. नट-नट्या, सुतार, रंगारी सगळे मासिक पगारावर. करार केला की दुसऱ्या कंपनीचं दार बंद. दुर्गाबाई एका दावणीला बांधून राहिल्या नाहीत. कोल्हापूरहून कलकत्त्याला गेल्या. न्यू थिएटर्सचा 'राजरानी मीरा' केला, मग ईस्ट इंडिया फिल्म कंपनीचा 'सीता', दोन्हींचे दिग्दर्शक देवकी बोस. १९३४ चा 'सीता' व्हेनिसच्या महोत्सवापर्यंत गेला. त्यात राम होते पृथ्वीराज कपूर. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. मग प्रभात कोल्हापूरहून पुण्याला आल्यावर पुन्हा प्रभात. आज याला फ्रीलान्स म्हणतात आणि त्यात काही वाटत नाही. तेव्हा करारात अडकलेल्या शांता आपट्यांना १९३९ साली प्रभातच्या फाटकावर उपोषणाला बसावं लागलं होतं. दुर्गाबाईंना ती वेळ आली नाही. सामाजिक वजन, इंग्रजी वाचून करार समजण्याची ताकद आणि 'नको' म्हणायची सवय, या गोष्टी त्यांच्याकडे होत्या. शांताबाईंकडे गळा त्यांच्यापेक्षा किती तरी मोठा होता, तरी फाटकाबाहेर त्याच बसल्या. हा हिशोब मला कधीच सुखाचा वाटलेला नाही.

प्रभातकडे परतून त्यांनी केला तो 'अमर ज्योती', १९३६. माझ्या मते त्यांचं सगळ्यात मोठं काम. सौदामिनी ही चाच्यांची नायिका. राज्याचा कायदा तिला तिच्याच मुलाचा ताबा नाकारतो, म्हणून ती जहाजं घेऊन राज्याविरुद्ध उभी राहते आणि न्यायाचा गळा घोटणाऱ्या दुर्जय मंत्र्याला पकडून त्याचा पाय तोडते. १९३६ साली हे! दुर्जय म्हणजे चंद्रमोहन, ज्यांचे ते मोठाले डोळे शांतारामांनी पडदाभर दाखवले. त्या डोळ्यांपुढे दुर्गाबाईंनी काय करावं? त्यांनी आवाज खाली आणला. बाईला संताप आला की आवाज चढवायचा, ही नाटकातून आलेली खोड पुढे आमच्या धंद्यात इतकी मुरली की मी काचेपलीकडून कितीतरी नट्यांना 'बाई, मीटर लाल होतोय' म्हणून थांबवलं. सौदामिनी चिडते तेव्हा मीटर पडेल. शब्द तुटक होतात, मधली जागा वाढते, आणि ती जागाच धमकी होऊन बसते. हे त्यांना कोणी शिकवलं नसावं. शांतारामांचा कल तर ठसठशीत गोष्टीकडे. तो त्यांच्या चित्रचौकटीत उघड दिसतो.

तिशीनंतर दुर्गाबाईंनी निर्मितीतही हात घातला, 'साथी' या चित्रपटात, मराठीत 'सवंगडी'. त्यावर फार बोलण्यासारखं माझ्याकडे नाही. पण बाईनं पैसे उभे करून चित्रपट काढणं तेव्हा किती दुर्मीळ होतं ते नोंदवून पुढे जाऊ.

नायिकेचं वय पस्तिशीपाशी संपतं, तेव्हाही आणि अजूनही. पुष्कळ जणी तिथे घरी बसल्या. दुर्गाबाईंनी छत्तिसाव्या वर्षी सासू केली, आणि तीही खाष्ट. आचार्य अत्र्यांच्या संस्थेचा 'पायाची दासी', हिंदीत 'चरणों की दासी', दिग्दर्शक गजानन जागीरदार, साल १९४१, सोसणारी सून वनमाला. पुढच्या वर्षी विजय भट्टांच्या 'भरत मिलाप'मध्ये कैकेयी. या दोन्ही भूमिकांसाठी बंगालच्या चित्रपट पत्रकार संघानं त्यांना उत्कृष्ट अभिनेत्रीचा मान दिला. सीता केलेल्या बाईनं कैकेयी करणं यात जोखीम होती. सीतेच्या पाया पडणारा प्रेक्षक कैकेयीला शिव्या घालतो, आणि शिव्या नटीच्याच नावाला चिकटतात. खाष्ट सासवा करून गाजलेल्या ललिताबाई पवारांना विचारायला हवं होतं. पण मला वाटतं दुर्गाबाईंनी हिशोब नीट मांडला होता. खलनायिकेला बोलायला मिळतं. सोशिक नायिकेच्या वाट्याला रडणं येतं, आणि रडताना सगळ्या नट्यांचा आवाज सारखाच लागतो.

त्यापाठोपाठ १९४३ चा 'पृथ्वीवल्लभ', कन्हैयालाल मुन्शींच्या कादंबरीवरचा. समोर सोहराब मोदी. पारशी रंगभूमीतून आलेला मोदींचा आवाज म्हणजे तोफखाना. त्यांच्यासमोर टिकणं हीच परीक्षा असे. मृणालवती ही बंदिवान राजाला नमवायला निघालेली गर्विष्ठ राजकन्या, शेवटी स्वतःच नमते. मोदींच्या लांबलचक संवादांना दुर्गाबाई छोट्या छोट्या वाक्यांनी अडवतात. तो चित्रपट पाहू नये, नुसता ऐकावा असं मी शिकाऊ पोरांना सांगत असे. ती हसायची, पण दोघं-तिघं तरी ऐकून आली.

मधल्या काळात त्या रंगभूमीवरही गेल्या. मुंबई मराठी साहित्य संघानं खाडिलकरांचं 'भाऊबंदकी' नव्यानं केलं, त्यात नानासाहेब फाटकांचा राघोबा आणि दुर्गाबाईंची आनंदीबाई. हे नाटक १९०९ साली पहिल्यांदा रंगभूमीवर आलं तेव्हा आनंदीबाई करायला पुरुषच होता. शिरवाडकरांनी 'मॅकबेथ'वरून केलेलं 'राजमुकुट'ही याच जोडीनं केलं. फाटक म्हणजे मराठी गद्याचा धबधबा. ज्यांनी ते प्रयोग पाहिले, त्यांच्यातली निम्मी माणसं आनंदीबाईंचं नाव आधी घेत. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार १९५८ साली आला.

आणि मग 'मुगल-ए-आझम'. के. आसिफ यांनी तो आधी चंद्रमोहनना अकबर करून सुरू केला होता. म्हणजे सौदामिनीचा दुर्जय. फाळणी झाली, १९४९ साली चंद्रमोहन गेले, आणि चित्रपट पुन्हा पहिल्यापासून मांडला गेला. १९६० साली जो पडद्यावर आला, त्यात अकबर पृथ्वीराज आणि जोधाबाई दुर्गाबाई. कलकत्त्याचे राम-सीता सव्वीस वर्षांनी आग्र्याच्या दरबारात. पृथ्वीराजांचा आवाज तोवर दरबारी झाला होता, प्रत्येक शब्द शिक्का मारल्यासारखा. सगळे त्याचंच अनुकरण करतात, गल्लीतली पोरंसुद्धा. जोधाबाईचं अनुकरण कोणी करत नाही, कारण पकडायला काही सापडत नाही. उर्दूच्या त्या भरजरी संवादांत ती एकटीच घरात बोलल्यासारखी बोलते. नवरा आणि मुलगा यांच्यामध्ये उभी राहून कधी एकाची बायको, कधी दुसऱ्याची आई होते, आणि हे सगळं एकाच वाक्यात पट्टी बदलून. ध्वनिमिश्रण करणाऱ्याची अशा वेळी परीक्षा असते. दोन नरडी तारस्वरात असताना तिसरं हलकं बोलणं बुडू द्यायचं नसतं. ते बुडलेलं नाही.

तीन वर्षांनी पृथ्वीराजांचा धाकटा, शशी, पडद्यावर दुर्गाबाईंचा मुलगा झाला: जेम्स आयव्हरींच्या 'द हाउसहोल्डर'मध्ये. तिथे दिल्लीतल्या मध्यमवर्गीय घरातली, सुनेवर नाराज असलेली आई त्या उभी करतात, आणि तीही इंग्रजीत. झेवियर्सचं इंग्रजी येत असूनही इथे ते वापरत नाहीत. त्या बाईचं जसं असेल तसं, जरा अडखळतं, तक्रारखोर इंग्रजी बोलतात. अजून दहा वर्षांनी पृथ्वीराजांच्या थोरल्यानं, राज कपूरनं, त्यांना 'बॉबी'त घेतलं. डिंपलची आजी, मिसेस ब्रगांझा. गोव्याच्या मातीतलं घराणं शेवटी गोव्याच्या भूमिकेत पोचलं. एका नटाशी आणि त्याच्या दोन मुलांशी मिळून चाळीस वर्षं पुरणारी दुसरी नटी मला तरी आठवत नाही.

सत्तरच्या दशकात 'बावर्ची', 'अभिमान', मग 'बिदाई'. या शेवटच्याला फिल्मफेअरचा सहायक अभिनेत्रीचा पुरस्कार, वयाच्या एकोणसत्तरीत. १९८० चा 'कर्ज' त्यानंतरचा. तोवर धंद्याची रीत पार उलटली होती. सेटवर कॅमेरा घरघरत असे, दिग्दर्शक शॉट चालू असताना ओरडून सूचना देई, जनरेटर धडधडे. तो आवाज केवळ खुणेपुरता. नट महिन्यांनी डबिंगला येई, चित्राचा तुकडा लूप करून समोर फिरे आणि ओठांशी ओठ जुळवून पुन्हा बोलावं लागे. पुष्कळ नव्या नटांचं तिथे सगळंच सांडायचं. सेटवरची ऊब त्या थंड खोलीत येत नसे. थेट फिल्मवर बोलून मोठ्या झालेल्या पिढीला हा प्रकार परका असणार. 'अभिमान'मधली त्यांची मावशी मी त्या नजरेनं पुन्हा ऐकली. कमी बोलते, पण श्वास जागच्या जागी आहेत. वाक्याआधीचा श्वास डबिंगमध्ये हमखास गळतो, आणि तो गळला की माणूस कागदावरचा होतो.

पद्मश्री १९६८, फाळके पुरस्कार १९८३. त्यांचं निधन झालं २२ सप्टेंबर १९९१ रोजी. पण शेवटचं ठळक काम पडद्यामागचं आहे. जाहिरातपट आणि माहितीपट काढण्याचा त्यांचा धंदा पन्नासच्या दशकापासून चालू होता, आणि १९८८ साली दूरदर्शनवर 'वागले की दुनिया' आली ती दुर्गा खोटे प्रॉडक्शन्सची. व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांचा साधा माणूस, दिग्दर्शन कुंदन शाहांचं, अंजन श्रीवास्तव वागल्यांच्या भूमिकेत. त्या संध्याकाळी बिल्डिंगमधल्या प्रत्येक खोलीतून एकच शीर्षकगीत ऐकू येई. श्रेयनामावलीत त्यांचं नाव झळके तेव्हा शेजारची मंडळी म्हणत, 'अरे, ही तर जोधाबाई!' मी मात्र त्या मालिकेचा साउंड ऐकत बसे. स्वयंपाकघरातल्या भांड्यांचा, दाराच्या कडीचा आवाज त्यात खरा होता, आणि कोणीही ओरडत नव्हतं.